नाव नसलेला गंज

चंद्राकाकूच्या तेरवीला भांडी केटररची होती.

एवढं एक वाक्य लिहिलं आणि माझं डोकं पुन्हा भणकलं. जिच्या भांड्यांत आमच्या मोहल्ल्याची लग्नं शिजली, बारशी शिजली, तेरव्या शिजल्या, तिच्या स्वतःच्या तेरवीचं वरण भाड्याच्या पातेल्यात शिजलं आणि कागदी ताटल्यांत वाढलं गेलं. अन् तिची भांडी कुठं होती? तेरवी झाली त्याच समाजभवनाच्या कोपऱ्यातल्या खोलीत, झेंडूच्या माळा घालून, कुलपात. मी चावी मागितली तर समितीचा एक पोट्टा मलाच समजावून सांगतो, "काका, ती आता वापरायची नाहीत. ती आता स्मृती आहे. भाऊंनी सांगितलंय, काचेचं कपाट करायचं."

भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाचे पुढारी. त्यांनी तेरवीच्या भाषणात काकूला "मायेचा सागर" म्हटलं. मायेचा सागर! काकू असती तर झारा घेऊन स्टेजवर चढली असती. अहो, ती बाई सागर नव्हती, भट्टी होती. जवळ जाणाऱ्याला चटका बसायचाच. आणि त्या भट्टीवर पन्नास वर्षं काय शिजत होतं, ते त्या सभेत एकाही माणसानं सांगितलं नाही. म्हणून मी सांगतो.

आमचा मोहल्ला नागपूरच्या जुन्या भागातला. मधून नाला जातो, नाल्यावर पूल आहे. पुलाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे 'ते'. आम्ही आणि ते कशावरून, तर जातीवरून, दुसरं काय. पलीकडच्यांची जात कोणती, अलीकडच्या कोणकोणत्या आणि काकूची कोणती, हे मी इथं लिहिणार नाही. तिचं आडनावही लिहिणार नाही. तिनं आयुष्यभर लिहू दिलं नाही, मी कशाला लिहू?

काकू म्हणजे काळी, काटक, कमरेत जरा वाकलेली. लुगड्याच्या कमरेच्या केळात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत ती राहायची आणि पुढच्या खोलीत भांडी राहायची. मोठमोठे गंज, म्हणजे आमच्याकडची उभी पातेली, कढया, पराती, झारे, सराटे, वाढायच्या बादल्या. सगळ्या मोहल्ल्याची, कोणालाही फुकट. ती पुढच्या खोलीला "बैठक" म्हणायची. पाहुणा आला की पायरीवर बसायचा, कारण बैठकीत गंज बसलेले असायचे.

भांडं परत आलं की ती त्याला टिचकी मारायची, कान लावायची, मग आत हात घालून बुडाशी बोट फिरवायची. बोटाला जरा चिकट लागलं की आणणाऱ्याचा उद्धार सुरू. "तुह्या घरी पाणी नाही का रे? का तुह्या बायकोचे हात मेंदीचे आहेत अजून?" समोर कोण आहे ते बघायची नाही. माझ्या लग्नानंतर मी स्वतः कढई घासून नेली होती, तरी तिनं मला परत नळावर पाठवलं. मी तेव्हा सदरमधल्या एका ऑफिसात कारकून होतो, इस्त्रीच्या पँटमध्ये होतो. नवी बायको दारातून बघून हसत होती.

पण तिचे खरे कायदे दोनच होते, आणि दोन्ही विचित्र.

पहिला कायदा: भांड्यावर नाव नाही. आपल्याकडे भांडं विकत घेतलं की दुकानातच नाव टाकून घेतात. वाटी असली तरी तिच्यावर मामा-मामीकडून सप्रेम भेट. कोणाच्या घरी चांगलं काही झालं की लोक काकूला एखादी परात, एखादा गंज आणून द्यायचे. काकू घ्यायची. पण त्यावर नाव असलं तर देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत कानस काढायची आणि खर्र खर्र करत नाव घासून टाकायची. एकदा एकजण कळवळून म्हणाला, "काकू, बाबांच्या स्मरणार्थ आहे हो ते!"

"तं बाबाले आठव ना! गंजावर कायले लिहितं? त्याच्यात वरण शिजवाचं आहे, बाबा नाही."

दुसरा कायदा: भांडी काकूच्या घरून मिळायची नाहीत. म्हणजे पडून असली तर मिळायची, पण लग्नसराईत ती पडून नसायचीच. मग ती सांगायची, "मागच्या घरून घेऊन ये." आधी ज्याच्याकडे कार्य झालं, त्याच्या घरी स्वतः जायचं, त्याच्याकडून उचलायचं, आपल्या घरी आणायचं. नोकर पाठवायचा नाही. रिक्षावाला पाठवायचा नाही. घरच्या माणसानं जायचं आणि त्या घरी चहा दिला तर पिऊन यायचं. आता विचार करा. मोठा गंज अलीकडच्या लग्नातून पलीकडच्या बारशाला जायचा, तिथून पुन्हा अलीकडच्या तेरवीला. पूल ओलांडल्याशिवाय कोणाच्याच घरी वरण शिजायचं नाही. काकूनं कधी समतेवर भाषण दिलं नाही. तिला तो शब्दही आवडायचा नाही. तिनं फक्त गंज फिरवला.

हे सुरू कसं झालं ते मी पाहिलं आहे, मी तेव्हा शाळेत होतो. काकूचा नवरा गेला. तेरवीसाठी तिनं आमच्या गल्लीतल्या दुमजली घरातून पितळेचा एक मोठा गंज मागून आणला. त्या घरच्या म्हाताऱ्याचं पूर्ण नाव त्याच्यावर ठोकलेलं होतं, आडनावासकट. पंगतीला वाढायला माणसं कमी पडली, तेव्हा पुलापलीकडची शेवंता पदर खोचून उठली. शेवंताचा नवरा आणि काकूचा नवरा गिरणीत एकाच खात्यात होते. तिनं गंजात ओगराळं घातलं आणि वरण वाढलं. दुसऱ्या दिवशी काकू गंज घासून-पुसून परत द्यायला गेली. म्हातारा ओट्यावर बसला होता. गंजाकडे न बघता म्हणाला, "राहू दे तुझ्याकडेच. आता आमच्या काय कामाचा?"

काकूनं तो गंज भर रस्त्यात टेकवला. मला वाटलं, रडेल. ती घरात गेली, नवऱ्याच्या पेटीतून कानस घेऊन आली आणि त्याच म्हाताऱ्याच्या ओट्यासमोर, उन्हात बसून, त्याचं नाव घासायला लागली. म्हातारा ओरडत राहिला. ही मान वर करेना. नाव गेलं तेव्हा उठली आणि म्हणाली, "घ्या. आता हा तुमचा नाही. आता याले जात नाही." तो आमच्या मोहल्ल्याचा पहिला गंज. नाकारलेला गंज.

पुढं त्याच घरावर तिचा सूड काळानंच उगवला म्हणायचं, पण काळ कुठला, तिनंच उगवला. म्हाताऱ्याचा मुलगा मोठा वकील झाला. त्याची आई वारली ती ऐन लग्नसराईत. मंडपवाला नाही, आचारी मिळेना, भांडी तर कुठंच नाहीत. वकीलसाहेबांनी ड्रायव्हर पाठवला. काकूनं ड्रायव्हरला खर्रा दिला आणि परत पाठवलं. मग वकीलसाहेब स्वतः आले, पायरीशी उभे राहिले.

"काकू, उद्या तेरवी आहे. काही करा."

"मी काय करू? गंज शेवंताच्या घरी आहे. तिच्या नातीचं बारसं झालं. जा, घेऊन या."

"मी... माणूस पाठवतो."

"माय कोणाची मेली गा? माणसाची का तुमची?"

वकीलसाहेब गेले. दुसरी कडी धरायला मी सोबत गेलो. शेवंतानं त्यांना खुर्ची दिली, बशीत ओतून चहा दिला. त्यांनी तो उकळता चहा एका दमात घशाखाली घातला, औषध घ्यावं तसा. जीभ भाजली असणार, डोळ्यांत पाणी होतं. चहामुळं की आईमुळं, ते मी विचारलं नाही. येताना पुलावर आम्ही दम खायला थांबलो, तेव्हा त्यांचं लक्ष गंजाच्या गळ्याकडे गेलं, जिथं पितळ घासून खोलगट झालं होतं. "इथं काय होतं हो?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तुमच्या वडिलांचं नाव. त्यांनी गंज पुन्हा उचलला. कडी सोडली नाही, घरापर्यंत.

सगळेच असे नव्हते. एका वर्षी मोहल्ल्यातले प्रतिष्ठित लोक मिळून काकूच्या दारी आले. भाषा फार गोड. "काकू, तुमचं कार्य मोठं आहे. फक्त सोयीसाठी दोन सेट करा. एक अलीकडचा, एक पलीकडचा. कोणाला वाईट वाटायचं कारण नाही." सोयीसाठी! आमच्याकडे सगळी घाण सोयीच्याच नावानं होते.

काकूनं वाद घातला नाही. बैठकीतली झाडून सारी भांडी तिनं रस्त्यावर उन्हात मांडली. मग मध्ये उभी राहून कमरेवर हात ठेवले. "घ्या. करा दोन सेट. कोणतं इकडचं अन् कोणतं तिकडचं, वेचा."

लोक बघायला लागले. सगळी पोचे पडलेली, सगळी काळी, नाव एकावरही नाही. एक बाई म्हणाली, ही परात माझ्या माहेरची, हिच्या काठाला इथं चेंबलं आहे. काकू म्हणाली, "हाव, तुहीच आहे. पुलापलीकडं किती लग्नात गेली ते तिले विचार, मंग ने." बाईनं परात खाली ठेवली. उन्हात घामाघूम होऊन सगळे प्रतिष्ठित निघून गेले. आणि काकू त्यांच्या पाठीवर ओरडली, "अरे, आलेच आहा तं आत ठेवू तरी लागा! मुडदे उचलले तुमचे, माही कंबर मोडली आहे!" दोघं खरंच परत फिरले आणि कढया आत ठेवून गेले.

अशी तिनं म्हातारी होईपर्यंत खिंड लढवली. शत्रूंनी तिला हरवलं नाही. हरवलं ते आपल्यांनी, हार-तुरे घेऊन. हेच माझ्या डोक्यात जातं.

ऐंशीच्या घरात आली तेव्हा मोहल्ल्यातल्या नव्या पोरांनी समिती केली आणि ठरवलं, काकूचा सत्कार करायचा. चांगली पोरं, खोटं का बोलू? जुनी घरं पाडून फ्लॅट झाले होते, त्यात नवी माणसं आली होती, त्यांना काकू माहीत व्हावी असं पोरांना वाटलं. भाऊंनी मंडप दिला, फ्लेक्स दिला. फ्लेक्सवर काकू नखाएवढी आणि भाऊ ढालीएवढे. पोरं काकूकडे आली, "काकू, सगळी भांडी द्या, पॉलिश करून आणतो." काकू हरखली. कल्हईवाले येईनासे झाल्यापासून भांडी काळवंडली याचं तिला फार वाईट वाटायचं. "न्या रे बाप्पा, न्या. चमकवून आणा. माह्यानं आता होत नाही." एक एक भांडं तिनं आपल्या हातानं टेम्पोत चढवलं.

सत्काराच्या दिवशी स्टेजवर भांडी मांडली होती. सोन्यासारखी चमकत होती, खोटं नाही. काकूला शाल दिली, श्रीफळ दिलं. ती उठून भांड्यांकडे गेली. कौतुकानं पहिल्या गंजाच्या गळ्यावर बोट फिरवलं. बोट थांबलं. तिनं चष्मा लावला आणि वाकली.

प्रत्येक भांड्यावर मशीननं कोरलं होतं. समाजसेविका श्रीमती चंद्रभागाबाई, पुढं आडनाव, यांजकडून मोहल्ल्यास सप्रेम. खाली बारीक अक्षरात भाऊंचं नाव, सौजन्य म्हणून. गंजावर, कढईवर, परातीवर, अहो झाऱ्याच्या दांडीवरसुद्धा! आमच्या लोकांना मान देणं म्हणजे एकच सुचतं, नाव टाकणं. पाटीला नाव, कमानीला नाव, बाकड्याला नाव. जिनं जन्मभर नावं पुसली तिला बक्षीस म्हणून तिचंच नाव दिलं, ते आडनावासकट!

काकूनं माईक ओढला. आवाज फाटला तिचा. "हे पुसाले माहा जन्म गेला! कोणी सांगितलं होतं रे तुमाले? कोणी?"

भाऊंना वाटलं, म्हातारी भारावली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. ती ओरडत होती आणि मंडप टाळ्या वाजवत होता. मी उठून ओरडलो, "अबे ऐका तरी!" मला शेजारच्यानं खाली बसवलं. कार्यक्रमाचा विचका करू नका म्हणाला.

पुढं काय होणार ते काकूला त्याच क्षणी कळलं होतं, आम्हाला कळायला थोडा वेळ लागला. नव्या फ्लॅटमधले, तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ सत्यनारायणासाठी कढई न्यायला आले. आडनाव वाचलं. "अच्छा, काकू तुम्ही अमक्या का? आम्हाला वाटलं..." काय वाटलं ते सांगितलं नाही. घरी विचारून येतो म्हणाले, ते गेलेच. आणखी दोन-तीन घरांनी तसंच केलं. हे तिला अपेक्षित होतं, त्यांना ती शिव्या देऊन मोकळी झाली. पण मग शेवंताच्या नातवाचं लग्न निघालं आणि त्यानं भांडी मागितलीच नाहीत. काकू काठी टेकत पूल ओलांडून विचारायला गेली. पोरगा मोठ्या अदबीनं म्हणाला, "आजी, आधी ते सगळ्यायचे होते. आता तुमच्या घरचे झाले. दुसऱ्याच्या घरचं मागाले बरं नाही वाटत."

परत आली तेव्हा ती ओरडली नाही. त्या दिवशी मला तिची भीती वाटली. पायरीवर बसून राहिली, खर्ऱ्याची पुडी हातात तशीच.

काकू गेली त्याच दिवशी समितीनं भांडी समाजभवनात नेली. माझी आणि त्या पोट्ट्यांची तिथं जी जुंपली ती लिहिण्यासारखी नाही. मी म्हटलं, भांडी द्या, तिची तेरवी तिच्या भांड्यांत होऊ द्या, मी कानस घेऊन बसतो, नावं काढतो. त्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. काकूचं नाव काढायचं? काका, असं कसं बोलवतं तुम्हाला? समजावून सांगितलं, पन्नास वर्षांची गोष्ट सांगितली. एकानं मोबाइलवर रेकॉर्ड केली. स्मरणिकेत टाकू म्हणाला.

एक सांगतो. त्यांच्या खोलीत एक गंज कमी आहे. तो कुठं आहे ते त्यांना ठाऊक नाही, आणि हे वाचून कोणी मला विचारायला आलं तर मी दारातच उभं करेन. काकूच्या तेरवीच्या दिवशी भवनात केटररचं वरण चाललं होतं तेव्हा पुलापलीकडं शेवंताच्या अंगणात चूल पेटली होती. मी तिथं जेवलो. आणि माझ्या पुढं पंगतीत कोण होतं, तर वकीलसाहेब, मांडी घालता येत नाही म्हणून स्टुलावर. दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं त्यांनी.

तो गंज तिकडं कसा गेला? तेच माझं काकूला शेवटचं बघणं.

मे महिना होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, घराघरांतून कूलरची घरघर. मला खर्र खर्र ऐकू आलं. तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो. जाऊन बघतो तर काकू बैठकीच्या दारात, पाय पसरून, तो पहिला गंज मांड्यांत आडवा धरून बसलेली. हातात कानस. लुगडं घामानं चिंब, बोटांवर पितळेचा पिवळा चुरा. मशीननं कोरलेलं खोल गेलं होतं, एका एका अक्षराला ती झटत होती.

"काकू, ह्या उन्हात? मरायचं आहे का?"

"शेवंता गेली गा सकाळी," ती म्हणाली. कानस थांबली नाही. "नातू आला होता सांगाले. दारातून म्हणते, आजी, तिच्या मागचं जेवण करू तेव्हा बिननावाचा एखादा गंज असन का? सांगितलं त्याले, आहे. संध्याकाळी घेऊन जा."

"पण जेवणाला अजून अवकाश आहे. आणा इकडे, मी घासतो."

"तू राहू दे. तिनं ओगराळं घातलं होतं याच्यात. माह्यासाठी." तिनं नाक पदराला पुसलं आणि पुन्हा वाकली. थोड्या वेळानं म्हणाली, "दिसत नाही मले. पाहून सांग, आडनाव गेलं का?"

मी बसलो आणि बोट फिरवलं. पितळ गरम होतं, गुळगुळीत होतं.

"गेलं, काकू."

"अन् भाऊचं?"

"तेही गेलं."

"मंग?"

"'चंद्र' तेवढं वाचता येतं अजून."

ती माझ्याकडे बघून चिडली, नेहमीसारखी.

"तं उजेडातून बाजूले सरक ना, मधू! पोट्टा येऊन राहिला असन."

मी सरकलो. तिनं गंज उन्हाकडे वळवला आणि स्वतःच्या नावावर कानस ठेवली.